हळदीतलं शिसं: बांगलादेशात चोर कसा सापडला, आणि ग्लासभर पाण्यात तो का सापडत नाही

रानहळद (धागाकर्ती)

तो व्हिडिओ परत फिरायला लागलाय. ग्लासभर पाण्यात चमचाभर हळद टाका, तळाशी बसली तर शुद्ध, पाणी पिवळंधम्मक झालं तर भेसळ. त्यावरून जेना फोरसाइथ यांच्या कामाची उजळणी केली. थोडक्यात सांगते, मग प्रश्न.

फोरसाइथ अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या. ढाक्याच्या आयसीडीडीआर,बी या आरोग्य-संशोधन संस्थेबरोबर त्यांनी ग्रामीण बांगलादेशातल्या ४३० गरोदर बायकांच्या रक्तातलं शिसं तपासलं. ३१ टक्के जणींमध्ये ते डेसिलिटरला ५ मायक्रोग्रॅम किंवा त्याहून जास्त निघालं. आसपास कारखाना नाही, बॅटऱ्या फोडण्याचा धंदा नाही, पेट्रोलमधलं शिसं कधीच बंद झालेलं. संशयितांची यादी लांबलचक होती: कीटकनाशकं, डाख दिलेले डबे, गरोदरपणात खाल्ली जाणारी भाजकी माती, तांदूळ, हळद. शेवटी बोट हळदीवर आलं. हळकुंडांना पॉलिश करताना चोपडला जाणारा पिवळा रंग, म्हणजे लेड क्रोमेट. २०१९ मध्ये हे छापून आलं. मुख्य हळद पिकवणाऱ्या ९ जिल्ह्यांपैकी ७ जिल्ह्यांत त्याचा पुरावा मिळाला होता.

प्रश्न दोन. रक्तातलं शिसं *हळदीतूनच* आलं हे इतक्या खात्रीने कसं सांगता येतं? आणि घरच्या माणसाला यातलं काय तपासता येतं?

शंकासूर

पी हळद हो गोरी, म्हणायचे. आता पी हळद हो जड.

अणुरेणू

पहिल्या प्रश्नाचं उत्तर देतो. जरा लांबेल.

शिशाचे चार स्थिर समस्थानिक, म्हणजे वेगवेगळ्या वजनाचे अणू, आहेत: २०४, २०६, २०७ आणि २०८. २०४ मूळचंच. बाकी तिघांत युरेनियम आणि थोरियमच्या ऱ्हासातून हळूहळू भर पडत गेली. शिशाचं खनिज तयार झालं की ते युरेनियमपासून तुटतं आणि त्या घडीचं गुणोत्तर तसंच गोठतं. म्हणून ऑस्ट्रेलियातल्या ब्रोकन हिलच्या शिशात २०६ आणि २०७ यांचं गुणोत्तर साधारण १.०४ येतं, तर अमेरिकेतल्या मिसिसिपी खोऱ्यातल्या शिशात १.३ च्या वर. ते वितळवा, त्याचा रंग करा किंवा ते खाऊन रक्तात न्या, गुणोत्तर हलत नाही. बांगलादेशात बायकांचं रक्त, हळद, रंग, डब्यांचा डाख, माती अशा सगळ्यांची ही खूण लावून पाहिली. रक्ताशी सगळ्यात चांगली जुळली ती हळद आणि तिच्यावरचा रंग.

पण रानहळदताई, ‘खात्री’ हा शब्द जपून वापरायचा. जगातलं बरंचसं शिसं आता भंगारातून परत वितळवलेलं असतं. दोन खाणींचं शिसं मिसळलं की तिसऱ्याच खाणीसारखं गुणोत्तर दिसू शकतं. समस्थानिक एखाद्याला निर्दोष सोडायला उत्तम, फाशी द्यायला एकटे पुरेसे नाहीत.

दुर्बीण

अणुरेणूंशी सहमत. दुसरा पुरावा जास्त सोपा आणि मला जास्त पटणारा आहे: हळदीत शिशाबरोबर क्रोमियम किती आहे. लेड क्रोमेटमध्ये शिशाच्या एका अणूमागे क्रोमियमचा एक अणू. वजनात बोलायचं तर रंगाचा ६४ टक्के भाग शिसं आणि १६ टक्के क्रोमियम, म्हणजे जवळपास चारास एक. तपासलेल्या नमुन्यांत जिथे शिसं वाढतं तिथे क्रोमियमही याच प्रमाणात वाढत असेल, तर ते मातीतून किंवा धुरातून आलेलं नाही, डब्यातल्या रंगातून आलंय. नुसतं क्रोमियम वाढलं आणि शिसं जागच्या जागी राहिलं, तर गिरणीच्या पोलादाकडे बघायचं. नुसतं शिसं वाढलं तर डाख, माती किंवा आणखी काही.

एक हिशेब. किलोभर हळदीत १,००० मिलिग्रॅम शिसं चढवायला रंग लागतो फक्त दीड ग्रॅम. क्विंटलला दीडशे ग्रॅमच्या आसपास. हा आकडा लक्षात ठेवा, घरगुती चाचण्यांचं बोलणं निघेल तेव्हा लागेल.

पेवातला

धंद्याच्या बाजूने लिहितो, कारण ‘पॉलिश’ म्हटलं की लोकांना वाटतं तिथेच पाप आहे.

हळद काढली की गड्डे आणि हळकुंडं वेगळी करायची. मग शिजवायची, हल्ली वाफेच्या कुकरमध्ये. जुन्या कढईत पाऊण ते एक तास लागायचा. फेस येऊन ओळखीचा वास सुटला आणि काडी अलगद आत शिरली की उतरवायची. जास्त शिजली तर रंग मरतो, कमी शिजली तर हळकुंड ठिसूळ होतं. मग दहा ते पंधरा दिवस ऊन. ओलावा दहा टक्क्यांच्या खाली आला की हळकुंड मोडताना धातूसारखं खणकन वाजतं. वरची साल तरीही मळकट आणि खडबडीतच असते, म्हणून ड्रममध्ये फिरवून घासतात. हे झालं पॉलिश. यात रंग कुठेच नाही.

नंतर चकाकी द्यायची असेल तर शेतीखात्याच्या पुस्तकातच कृती आहे: अर्धवट पॉलिश केलेल्या १०० किलो हळकुंडांना २ किलो हळद पावडर, ४० ग्रॅम तुरटी, १४० ग्रॅम एरंडेल, ३० ग्रॅम सोडियम बायसल्फाइट आणि ३० मिलिलिटर हायड्रोक्लोरिक आम्ल, सगळं पाण्यात कालवून. म्हणजे हळदीला हळदच चोपडायची.

घोळ होतो तो पावसात भिजलेल्या मालाचा. वाळवणावर पाऊस पडला की हळकुंड काळपट पडतं, मग कितीही ड्रम फिरवा, उजळत नाही. दोन किलो चांगली पावडर महाग, मूठभर रंग स्वस्त. बांगलादेशातही सुरुवात तशीच झाली असं तिथले लोक सांगतात: १९८० च्या दशकातला पूर, ओली हळद, रंगाचा उपाय. पूर ओसरला, गिऱ्हाईकाच्या डोळ्यांना तो पिवळा तसाच हवा राहिला.

माळरान

@पेवातला, माहिती चांगली, पण धागा बांगलादेशचा आहे. आपल्या सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन आहे, वायगावला आहे. उगाच लोकांना घाबरवू नये.

दुर्बीण

@माळरान, भौगोलिक मानांकन हळद *कुठली* ते सांगतं, तिच्यावर नंतर काय चोपडलं ते नाही.

फोरसाइथ यांच्याच गटाचा २०२४ चा अभ्यास बघा. भारत, पाकिस्तान, नेपाळ आणि श्रीलंका मिळून २३ शहरांच्या बाजारातले ३५६ नमुने. १४ टक्के नमुन्यांत शिसं ग्रॅमला २ मायक्रोग्रॅमच्या वर. सगळ्यात मोठा आकडा पाटण्याचा: २,२७४. आपला कायदा १० पर्यंत चालवून घेतो. सुटी, पॉलिश केलेली हळकुंडं आणि सुटी पावडर यांत त्रास जास्त, नावाच्या बंद पाकिटांत कमी. यावरून ‘महाराष्ट्रातली हळद विषारी’ असं कुणी म्हणत असेल तर ते चूक, आणि ‘आपल्याकडे हे होतच नाही’ हेही चूकच. रंग शेतात पडत नाही. शेत आणि किराणा दुकान यांच्या मधे पडतो, आणि माल राज्यं ओलांडून फिरतो.

तिसरी_घंटा

बांगला भाषेत या रंगाला एक नाव ‘पिउरी’ आहे. आपली चुन्यात कालवून भिंतीला द्यायची ‘पिवडी’ त्याचीच बहीण दिसते.

अणुरेणू

नावाने बहीण असेल, गुणाने नव्हे. भिंतीची पिवडी म्हणजे मुळात पिवळी माती, तिचा रंग लोखंडाचा. हा क्रोम पिवळा, म्हणजे लेड क्रोमेट, कारखान्यातला. दुकानात दोन्ही ‘पिवळा रंग’ याच नावाने कागदाच्या पुडीत मिळाले तर घेणाऱ्याला फरक कळणार कसा, हा खरा वांधा. फोरसाइथ यांनी घेतलेल्या मुलाखतींतही हेच दिसतं: रंग चोपडणाऱ्यांपैकी अनेकांना त्यात शिसं आहे हे ठाऊकच नव्हतं.

खलबत्ता

पाण्याची चाचणी अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या पुस्तिकेतही आहे ना? मग ती खोटी कशी?

निळी_शाई

@खलबत्ता, खोटी नाही, अपुरी. ती पाण्यात उतरणाऱ्या रंगांसाठी ठीक. लेड क्रोमेट पाण्यात विरघळतच नाही. घनता ६ च्या पुढे, म्हणजे पाण्याच्या सहापट जड. पावडरमध्ये मिसळलेलं असेल तर हळदीआधी तळ गाठतं आणि वरचं पाणी ‘शुद्ध’ दिसतं. उलट खरी, बारीक दळलेली हळद बराच वेळ तरंगत राहते, पाणी पिवळं करते आणि बिचारी भेसळखोर ठरते. दोन्हीकडून चूक.

अख्ख्या हळकुंडांवर ती थोडी जास्त उपयोगी, कारण रंग वरवर चोपडलेला असतो आणि सुटून येतो. पण पेवातल्यांनी वर कृती दिलीच आहे: प्रामाणिक मालावरही क्विंटलला दोन किलो हळद पावडर चोपडलेली असते. तीही सुटून येणार. ओलं फडकं पिवळं झालं यावरून काहीच ठरत नाही.

दुसरी लाडकी चाचणी हायड्रोक्लोरिक आम्लाची. गुलाबी-जांभळा रंग आला तर भेसळ. ती मेटॅनिल यलो या कृत्रिम पिवळ्या रंगाची. शिशाचा तिच्याशी काही संबंध नाही, तरी व्हिडिओत दोन्ही एकत्र कालवतात.

शंकासूर

उन्हात ठेवली तर? हळदीचा डाग उन्हात उडतो. पांढऱ्या शर्टावर आमटी सांडणाऱ्या समस्त वर्गाला हे माहीत आहे. क्रोम पिवळा उडणार नाही.

निळी_शाई

डोकं चांगलं चाललंय, आणि रसायन बरोबर आहे: हळदीचा मूळ पिवळा रंग, करक्युमिन, उजेडात मोडतो, क्रोम पिवळा टिकतो. पण दुर्बीणचा हिशेब आठवा. भयंकर दूषित, म्हणजे १,००० च्या हळदीतही रंग किलोला दीड ग्रॅम. शंभराच्या हळदीत किलोला दीडशे मिलिग्रॅम, म्हणजे दहा हजारांत दीड भाग. एवढासा पिवळा उरला तर डोळ्याला दिसणार नाही. नुसत्या डोळ्याने करायच्या सगळ्याच चाचण्या इथे आपटतात.

शाळा-कॉलेजच्या प्रयोगशाळेत होईल अशी एक आहे. दोन ग्रॅम हळद चिनी मातीच्या मुशीत जाळून राख करायची. राख सौम्य सल्फ्युरिक आम्लात (एक भाग आम्ल, सात भाग पाणी, *आम्ल पाण्यात* ओतायचं, पाणी आम्लात नाही) चार-पाच मिलिलिटरमध्ये विरघळवून गाळायची. त्यात डायफिनिलकार्बाझाइडचं द्रावण मिलिलिटरभर. गुलाबी-जांभळं झालं तर क्रोमेट आहे.

यात काय बिघडतं तेही सांगतो. भट्टी साडेपाचशे अंशांच्या फार वर गेली तर शिसं उडायला लागतं. राख नीट पांढरी झाली नाही तर उरलेला कोळसा क्रोमेटचं रूप बदलतो आणि रंग येतच नाही. चाचणी ‘नाही’ म्हणते आणि हळद दूषित असते. लोखंड जास्त असेल तर पिवळट तपकिरी छटा येऊन गोंधळ होतो. द्रावण ताजं हवं. आणि एवढं करून उत्तर मिळतं ते क्रोमेटचं. शिसं किती, ते कळत नाही.

घरच्या ओट्यावर हे करू नका, ही तळटीप समजा.

कढईवाला

अवांतर होईल, पण शिशाच्या गप्पा हळदीवर थांबू नयेत. पितळी भांड्याची कल्हई. कल्हईला शुद्ध कथील लागतं, ते वितळतं २३२ अंशांना. डाख द्यायची साठ-चाळीसची सोल्डर १८३ लाच वितळायला लागते, पटकन पसरते, स्वस्त पडते, आणि तिचा ४० टक्के भाग शिसं. नवसागर टाकून कापसाने फिरवली की दोन्ही दिसायला सारखीच पांढरी.

ओळखायचं तर कल्हई होण्याआधी कांडी बघा. शुद्ध कथिलाची बारीक कांडी कानाजवळ धरून वाकवली तर कुरकुर ऐकू येते. शिसं जास्त असेल तर ती कुरकुर जाते आणि कांडी मुकाट वाकते. शिसं कागदावर घासलं तर पेन्सिलीसारखी करडी रेघ उमटते. या दोन्हींवरून अंदाज येतो, आकडा नाही. चिंच-कोकम पडणाऱ्या भांड्याला भलती कल्हई असेल तर आंबट पदार्थ शिसं ओढून घेणार.

माळरान

आणि शेंदूर?

अणुरेणू

पारंपरिक शेंदूर म्हणजे शिशाचं लाल ऑक्साइडच. वजनाच्या ९० टक्के शिसं. मारुतीच्या अंगावर असू दे, प्रसादाच्या हाताला नको. हळदीत चुना घालून केलेलं कुंकू वेगळं, त्यात शिसं नसतं. मात्र बाजारातलं प्रत्येक लाल कुंकू हळदीचंच असेल असं नाही. डोळ्यांत घालायचा दगडी सुरमा गॅलेनाचा असेल तर तो शिशाचं सल्फाइड, ८६ टक्के.

घराच्या रंगांचं म्हणाल तर आपल्याकडे नोव्हेंबर २०१७ पासून दशलक्षात ९० भाग ही मर्यादा आहे. आधीच्या भिंती आणि दारं घासताना मात्र धूळ उडते ती जुन्या रंगाची.

तिसरी_घंटा

धागा शेंदरावरून भिंतीवर गेला, आता गंजक्या पाण्याच्या टाकीवर जाण्याआधी एक शंका. इतक्या कमी शिशाने होतं काय? ५ मायक्रोग्रॅम म्हणजे किती, कुणी डॉक्टर आहे का इथे?

नाडीपरीक्षा

लक्षणांची वाट बघू नका, या पातळीला दिसणारं लक्षण नसतं. नुकसान मोजावं लागतं ते शेकडो मुलांची तुलना करून. अमेरिकन डॉक्टर हर्बर्ट नीडलमन यांनी तेच केलं. मॅसॅच्युसेट्समधल्या चेल्सी आणि समरव्हिल इथल्या शाळकरी मुलांचे पडलेले दुधाचे दात गोळा केले. रक्त त्या दिवसांचं सांगतं, दात आत्तापर्यंतच्या आयुष्याचं. दातात शिसं जास्त असलेली ५८ मुलं आणि कमी असलेली १०० मुलं यांची तुलना १९७९ मध्ये छापली. बुद्ध्यांकात चारेक गुणांचा फरक, शिवाय वर्गात लक्ष न लागणं. एका मुलाच्या बाबतीत चार गुण काहीच नाहीत. अख्खं गाव चार गुणांनी खाली सरकलं तर मागे पडणाऱ्या मुलांची संख्या कितीतरी वाढते.

आता हिशेब. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या मते अन्नातून रोज १ मायक्रोग्रॅम शिसं गेलं तर मुलाच्या रक्तातली पातळी डेसिलिटरला ०.१६ मायक्रोग्रॅमने वाढते, मोठ्या बाईची ०.०४ ने. रक्तातली ३.५ ही पातळी धरून, दहापट सावधगिरी ठेवून त्यांनी रोजच्या मर्यादा काढल्या: मुलांना २.२, गर्भधारणेच्या वयातल्या बायकांना ८.८ मायक्रोग्रॅम. आता ग्रॅमला १० असलेली, म्हणजे आपल्या कायद्यात बसणारी हळद रोज दोन ग्रॅम खाल्ली तर २० मायक्रोग्रॅम. कायदेशीर हळदीचा हा हिशेब. पाटण्याच्या त्या नमुन्याचा तुम्हीच करा.

मुलं खाल्लेल्या शिशातलं निम्म्यापर्यंत शोषून घेतात, मोठे साधारण दहावा हिस्सा. पोट रिकामं असेल, लोह किंवा कॅल्शियम कमी असेल तर जास्त. गरोदरपणात हाडांतलं कॅल्शियम सुटतं, त्याबरोबर जुनं साठलेलं शिसंही. हळदीचं दूध नेमकं याच काळात आग्रहाने पाजतात.

शंकासूर

नीडलमन यांना नंतर त्रास झाला म्हणे?

नाडीपरीक्षा

झाला. शिशाच्या उद्योगाच्या बाजूने साक्ष दिलेल्या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९९१ मध्ये त्यांच्यावर शास्त्रीय लबाडीची तक्रार केली. चौकशा झाल्या, त्यांना दोषमुक्त केलं गेलं. पण वर्षं गेली ती गेलीच.

अणुरेणू

त्यांच्याही आधी अमेरिकन भूरसायनशास्त्रज्ञ क्लेअर पॅटरसन. १९५६ मध्ये उल्केतल्या शिशावरून पृथ्वीचं वय ४५५ कोटी वर्षं काढलं ते हेच. मोजताना सारखं वाढीव शिसं यायचं, कारण ते हवेत, नळात, धुळीत, प्रयोग करणाऱ्याच्या केसांत होतं. त्यातून त्यांची अतिस्वच्छ प्रयोगशाळा उभी राहिली आणि पुढे पेट्रोलमधल्या शिशाविरुद्धची लढाई. आज रक्ताची नळी ‘शिसेमुक्त’ लिहिलेली घ्यावी लागते, त्यामागे हीच अक्कल.

खलबत्ता

मग रक्त तपासायचंच असेल तर?

नाडीपरीक्षा

शिरेतलं रक्त, सूक्ष्म धातूंसाठीच्या खास नळीत, धातूंचं अगदी बारीक प्रमाण मोजणाऱ्या आयसीपी-एमएस यंत्रावर. बोटाला टोचून तीन मिनिटांत आकडा देणारी छोटी यंत्रं आहेत, चाळणी लावायला चांगली. पण बोटावरची धूळ रक्तात उतरली तर आकडा फुगतो. साबणाने हात धुऊन, स्पिरिटने पुसून, पहिला थेंब टाकून द्यायचा. तरी जास्त आला तर शिरेतल्या रक्ताने खात्री करायचीच.

रक्तातलं शिसं साधारण महिन्यात निम्मं होतं, पण वर्षानुवर्षं जात असेल तर हाडं परत पुरवठा करत राहतात आणि आकडा हट्टीपणे उतरत नाही. स्रोत बंद करणं हाच मुख्य उपचार. शिसं बाहेर काढणारी औषधं मुलांमध्ये रक्तातली पातळी ४५ च्या पुढे गेली तरच, रुग्णालयात. ‘डिटॉक्स’वाले आधी औषध देऊन मग लघवी तपासतात आणि घाबरवणारा आकडा दाखवतात, त्या आकड्याला तुलना करायला प्रमाणच नाही.

पेवातला

बांगलादेशात पुढे काय झालं ते कुणी लिहिलं नाही. मुख्य गंमत तीच.

दुर्बीण

लिहितो. २०१९ ला निष्कर्ष बाहेर पडल्यावर तिथल्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने बाजारांत सूचनांचे कागद डकवले, आणि ढाक्याच्या श्यामबाजारात फिरतं न्यायालय थेट नेऊन उभं केलं. हातात धरायचं, क्ष-किरणांनी धातू ओळखणारं एक्सआरएफ यंत्र हळकुंडावर टेकवलं, जागच्या जागी शिसं दिसलं, दोन घाऊक व्यापाऱ्यांना ८ लाख टका दंड. टीव्हीवर दाखवलं. २०१९ मध्ये बाजारातल्या ४७ टक्के नमुन्यांत लेड क्रोमेट होतं, २०२१ मध्ये शून्य. पॉलिशच्या गिरण्यांमधल्या कामगारांच्या रक्तातलं शिसं मधल्या आकड्याने ३० टक्के उतरलं. अणुरेणू म्हणाले ना, फाशी द्यायला समस्थानिक एकटे पुरत नाहीत? रंग काढला आणि रक्त उतरलं, हा पुरावा माझ्या मते सगळ्यांवर वरचढ.

त्या यंत्राचीही एक खोच. शिशाची मुख्य क्ष-किरण रेषा १०.५५ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टला आणि आर्सेनिकची १०.५४ ला, अगदी खांद्याला खांदा. म्हणून शिशाची दुसरी, १२.६१ ची रेषा बघायची. पावडर कपात पुरेशी जाड भरायची, पातळ थर दिला तर आकडा कमी येतो. दोन-पाच मायक्रोग्रॅमच्या खाली यंत्र चाचपडतं. पण धाड घालताना शेकड्यात आकडे असतात, तिथे एवढं चाचपडायची वेळ येत नाही.

रानहळद

सगळ्यांचे आभार. पण माझा दुसरा प्रश्न अजून ओट्यावरच आहे. घरात पाव किलो सुटी हळद आहे, गडद पिवळी, भाव स्वस्त. काय करू?

दुर्बीण

तपासायची असेल तर मान्यताप्राप्त अन्न प्रयोगशाळेत. ‘शिसं *आणि* क्रोमियम, आयसीपी-एमएस, मिलिग्रॅम प्रति किलो’ असं स्पष्ट लिहून द्या. नुसतं ‘भेसळ तपासणी’ म्हटलंत तर दुसरंच काहीतरी तपासून देतील. प्रयोगशाळा त्यातली अर्धा ग्रॅम घेते, आणि रंगाचे कण सारखे पसरलेले नसतात, म्हणून नमुना नीट कालवणं महत्त्वाचं: सगळी हळद स्वच्छ कागदावर ढीग करा, चपटा करा, चार भाग करा, समोरासमोरचे दोन ठेवा, बाकी बाजूला, परत तेच. शेवटचा भाग नव्या प्लास्टिकच्या पिशवीत. वर्तमानपत्रात बांधू नका.

अहवाल दुकानदाराविरुद्ध वापरायचा असेल तर अन्नसुरक्षा कायद्याचं ४० वं कलम वाचा. ग्राहकाला स्वतः विश्लेषकाकडून तपासून घेता येतं, पण तपासणार आहे हे खरेदी करतानाच दुकानदाराला सांगावं लागतं.

शंकासूर

म्हणजे दुकानदाराने मग आतली हळद काढून द्यायची.

दुर्बीण

हो, म्हणूनच आधी गुपचूप एक नमुना तपासून बघतात, मग कलम लावायला जातात.

पेवातला

ताई, पाव किलोसाठी तपासणीचा खर्च करण्यापेक्षा ती हळद टाका. रोपांना नको, शिसं मातीत राहतं. पिशवीत बांधून सुक्या कचऱ्यात.

पुढच्या खेपेला पॉलिश न केलेली किंवा अर्धवट पॉलिशची मळकट हळकुंडं मागा. एक फोडून बघा: चांगल्या हळकुंडाचा गाभा सालीपेक्षा उजळ आणि नारिंगीकडे झुकणारा असतो. साल गाभ्यापेक्षा लखलखीत पिवळी असेल तर ठेवून द्या. हा पुरावा नाही, संशय आहे, पण किराण्याच्या दुकानात तेवढा पुरतो. सेलम जातीची हळद मुळातच गडद असते, म्हणून गडद हळद वाईट असं नाही. वरचा आणि आतला रंग ताडून बघायचा, नुसता वरचा नाही.

रानहळद

हे झेपण्यासारखं आहे. मिक्सरमध्ये दळता येईल ना?

खलबत्ता

येईल, पण अख्खी टाकू नका, पातं जाईल. खलबत्त्यात सुपारीएवढे तुकडे करा, दिवसभर ऊन द्या, मग थोडी थोडी टाका, थांबत थांबत, भांडं तापू देऊ नका. मैद्याच्या चाळणीने चाळा. वर राहिलेली भरड परत फिरवा, आणि मिक्सरचं झाकण उघडायच्या आधी पाच मिनिटं थांबा, नाहीतर स्वयंपाकघरात हळदीकुंकू होईल.